शनिवारचं भजन

सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, माझं सगळं माहीत आहे. रक्तदाबाची गोळी मी कुठल्या दिवशी चुकवतो, कुठल्या मेहुण्याचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसतो — सगळं. ही एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळलेलं नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढीच त्यातली सोय.

आधी माझी खोड सांगतो. मला माणसं बघायला आवडतात. हॉटेलात गेलो की मी दाराकडं तोंड करून बसतो. शेजारच्या टेबलावरची दोघं नवरा-बायको आहेत की बहीण-भाऊ, समोरची मंडळी मुलगी बघायला आलीत की मोडत आलेलं लग्न सांधायला — पापड येईपर्यंत मी ओळखलेलं असतं. सुजाता म्हणते, "जेवायला आलाय की पंचनामा करायला?" तिचं जेवण होतं तरी माझी पहिली भाकरी तशीच, कान शेजारी. यात वाईट काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. नुसतं बघितल्यानं कुणाचं काय झिजतं?

आमच्या कचेरीला पाच दिवसांचा आठवडा झाला आणि शनिवार माझ्या अंगावर येऊन पडला. सुजाताच्या पतसंस्थेला शनिवारची सुट्टी नाही. घरात एकटा किती वेळ बसणार? मग मी एक क्रम लावून घेतला. दुपारी खानावळीत जेवायचं — कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही — आणि तिथून चालत जुन्या थिएटरला, तीनच्या खेळाला. सिनेमा कुठला लागलाय हे मी तिथं पोचल्यावर बघायचो. पडद्यापेक्षा मला माणसांत रस. शनिवारी दुपारी एकटं सिनेमाला येतं तरी कोण, हे तुम्ही कधी बघितलंय का?

तर अशाच एका शनिवारी अंधारात, खलनायक जिन्यावरून हळूहळू खाली येत असताना, माझ्या पुढच्या रांगेत टाळ वाजला. खण्णकन. मग पिशवीत कुणीतरी घाईघाईनं हात घातल्याचा आवाज. आणि एक बाई पडद्याकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, त्या खलनायकाच्या आईबापांचा उद्धार असावा. आवाज ओळखीचा होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का!

अक्का म्हणजे संगमेशची आई. वय साठीच्या पुढं, कपाळाला विभूती, इरकल साडी, चाल तुरुतुरु. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. संगमेशचं शेंगदाण्याचं दुकान, सून मायाळू, दोन नातवंडं. दर शनिवारी दुपारी अक्का नव्या पेठेत भजनाला जातात, हे आमच्या इमारतीत घड्याळासारखं ठरलेलं. अन्वरची रिक्षा फाटकाशी यायची, अक्का टाळांची पिशवी घेऊन बसायच्या, आणि सहाच्या सुमाराला परत. इमारतीतल्या सहा मुलांना शाळेत नेणारा-आणणाराही हाच अन्वर. आणि अक्का इथं — चपला काढून, पाय वर घेऊन, खुर्चीत मांडी घालून बसलेल्या!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मध्यंतरात त्यांनी मागं वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अण्णा, तुमी हितं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून डबा काढला. भजनाच्या पुस्तकाखाली शेंगाच्या पोळ्या होत्या. एक माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "घरात सांगू नका बरं का. संगमेश काय मला मारणार न्हाय. लई चांगला हाय तो. पण त्याला कळलं की हे माजं राहत न्हाय."

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला, हेही खरं. पुढचे दोन महिने आम्ही शनिवारी तिथं भेटत होतो. त्या त्यांच्या जागी, मी माझ्या. मध्यंतरात दहा मिनिटं बोलणं. दोन वर्षं त्या अशा येत होत्या म्हणे. अन्वर थिएटरच्या मागच्या गल्लीत सोडायचा आणि तिथूनच घ्यायचा. घरचं कुणी विचारलं की सांगायचा, नव्या पेठेत सोडलं. त्याला यात काय मिळत होतं? काही नाही. अक्कांनी सांगितलं, त्यानं केलं.

मग संक्रांत झाली आणि हुरड्याचे दिवस आले. संगमेशच्या मित्राचं वैरागच्या अलीकडं शेत आहे. एका रविवारी आमची अख्खी इमारत तिथं गेली. अक्का तेवढ्या आल्या नव्हत्या, गुडघा दुखत होता. तुम्ही हुरडा खाल्ला असेल तर ठाऊक आहे — आगटीभोवती बसलं की माणूस सैल होतो. गरम कणसं हातावर चोळायची, फुंकर मारायची, चटणी, गूळ, दही फिरत असतं, आणि हात काळे झालेले सगळे सारखेच दिसतात. पोरं बोरं गोळा करायला गेलेली. बाकीचे आगटीच्या पलीकडं, संगमेश माझ्या शेजारी. तो सहज म्हणाला, "आई बरोबर पाहिजे होती. पण तिला भजनाशिवाय कशातच गोडी न्हाय बघा."

आणि मी सांगितलं.

राग नव्हता, वैर नव्हतं, पोटात दारूही नव्हती — मी फक्त हुरडाच खात होतो. मला त्याचा चेहरा बघायचा होता. हे ऐकल्यावर या माणसाचं तोंड कसं होईल? हसेल? रागावेल? त्याच्या हातातलं कणीस खाली पडेल का? एवढंच. शेजारच्या टेबलाकडं बघत बसणारा मी — मला त्या दिवशी पुढं काय होतं ते बघायचं होतं. तोंडात तीळ भिजत नाही अशी माणसं असतात, मी त्यातला नव्हतो. दोन महिने चांगला भिजवला होता की.

संगमेश इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याला म्हणालो, "माझं नाव मात्र सांगू नको हं." बघा, हे सुचलं मला. तेवढी अक्कल त्या वेळी जागेवर होती.

संगमेशनं शब्द पाळला. मी पाळला नाही, त्यानं पाळला.

घरी कुणी अक्कांना रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्यांनी कौतुक केलं. नातवंडं 'आजी हिरॉईन, आजी हिरॉईन' करत घरभर नाचली. सुनेनं जवळ बसून सांगितलं, "अत्ती, आमाला सांगायचं की, आमी नेलो असतो." आणि पुढच्याच रविवारी नवीन मल्टिप्लेक्सची तिकिटं आली, सगळ्यांची, आमचीही. संगमेशला माझे उपकार वाटले होते, म्हणून.

मी सिनेमा बघितलाच नाही. अक्कांकडं बघत होतो. दोन नातवंडांच्या मध्ये त्या पाय खाली सोडून बसलेल्या. मांडीवर पॉपकॉर्नचा भलामोठा डबा, तो पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. पडद्यावर खलनायक येऊन गेला, त्या त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. नंतर हॉटेलात संगमेशनं विचारलं, "आई, कसा होता?" त्या म्हणाल्या, "चांगला होता की." आणि दहीभात मागवला.

त्यानंतर शनिवारचं भजन बंद झालं. गुडघ्याचं कारण होतंच.

आतापर्यंत तुम्हाला वाटत असेल, की हीच ती गोष्ट. एका बाईचं गुपित फोडलं, झालं. मलाही खूप दिवस एवढंच सांगून थांबावंसं वाटत होतं. मनातल्या मनात सांगतानासुद्धा मी इथंच थांबायचो. पण पुढचं आहे.

त्या रविवारनंतर आठवड्याभरानं एका संध्याकाळी अक्का आमच्याकडं आल्या. सुजाता अजून कामावरून आली नव्हती. चहा नको म्हणाल्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सरळ विचारलं.

"अण्णा, तुमी न्हाय ना?"

मी म्हणालो, "छे छे, अक्का! मी कशाला सांगू?"

किती पटकन आलं ते! अडखळलोसुद्धा नाही. आणि त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला — तेही मी बघितलं, बघायची सवयच ना. त्या म्हणाल्या, "मलाबी तसंच वाटलं. तुमी शिकलेली माणसं." मग थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग अन्वरच की. दुसरं हायच कोण?"

आता इथं मी काय म्हणालो, ते ऐका.

मी म्हणालो, "असेल. काय सांगता येतंय."

चार शब्द. अन्वरचं नाव मी घेतलं नाही, त्यांनी घेतलं. मी नुसतं 'असेल' म्हणालो. हा शब्द मी त्यानंतर इतक्या वेळा उलटासुलटा करून बघितलाय. का म्हणालो? भीती होती — मान्य. पण मी गप्प बसू शकलो असतो. 'तो तसा वाटत नाही' एवढं म्हणू शकलो असतो, तेवढ्यानं मी थोडाच पकडला जाणार होतो? मग? मला वाटतं, त्यांनी ते नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जाताना दिसलं आणि मी पुढं होऊन हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वर मुलांना न्यायला आला. अक्का फाटकाशी उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. "तुज्यावर इश्वास ठिवला मी," एवढंच म्हणाल्या, मुलांसमोर, त्यांच्या आयांसमोर. अन्वर रिक्षातून खाली उतरला. "मैं नै बोल्या, अम्मा. किसकूच नै बोल्या." तो दोनदा म्हणाला. आणि मग त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून बघतात तसं. मी स्कूटरला किल्ली लावत होतो. किल्ली लागलेली होती. तरी मी ती लावत राहिलो.

गंमत पुढं आहे — गंमत म्हणतोय, दुसरा शब्द सापडत नाही. अक्कांचा राग, की यानं सांगितलं. आणि संगमेशचा राग, की यानं दोन वर्षं सांगितलं नाही. "आईला भलतीकडं सोडून आमाला नवी पेठ सांगतोय, उद्या पोरांचं काय करेल?" असं तो इमारतीत बोलला. पटण्यासारखं होतं. महिनाभरात सहाही मुलं शाळेच्या बसला गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्याशाला दोनदा दिली. मायलेक या विषयावर एकमेकांशी कधी बोलले नाहीत, नाहीतर एका वाक्यात उलगडा झाला असता. ते बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यावर मी निवांत झोपत होतो.

याला आता चार वर्षं होतील. अन्वर आमच्या बाजूला येत नाही. सात रस्ता चौकातल्या रिक्षा स्टँडवर असतो. मी वाट बदलून जातो असंही नाही. दिसला तर मान हलवतो. तो आता जास्त थकलेला दिसतो की मलाच तसं दिसतं, हे बघायला मी एकदा मुद्दाम थांबलो होतो. बघा, खोड गेली नाही.

आणि अक्का? त्यांचा माझ्यावर जीव आहे. सुनेबद्दलची कुरकुर, गावाकडच्या जमिनीत भावानं काय केलं, सगळं माझ्याजवळ येऊन सांगतात. मी ऐकतो. मला ते ऐकायला आवडतं, हे सगळ्यात वाईट.

गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अण्णा, येकदा तीनच्या खेळाला जाऊ या का? घरात डॉक्टरकडं चाललो म्हणून सांगते. तुमच्या पोटात गोष्ट राहती." चार वर्षांत पहिल्यांदा. मी नाही कसं म्हणणार? निघालो. गुडघ्यानं त्यांना चालवेना, म्हणून सात रस्त्याला रिक्षा बघायला थांबलो. स्टँडवर पहिला नंबर अन्वरचा होता.

त्यानं आम्हाला बघितलं. रिक्षा सुरू केली नाही, पुढंही आणली नाही. फक्त खाली उतरला आणि अक्कांना सलाम केला, मग मला.

अक्कांनी माझा दंड धरला आणि मला मागच्या रिक्षाकडं ओढलं. आत बसल्यावर म्हणाल्या, "बगा की, कसा तोंड वर करून सलाम करतोय."

मी "हूं" म्हणालो.

ही मागच्या शनिवारची गोष्ट आहे.