रहीमभाईंच्या पट्ट्याची भोकं

फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. शिपायाने ऑफिसात बोलावलं. पलीकडे शेजारच्या भाभी होत्या. "मास्तर, हे गेले…" एवढंच म्हणाल्या. दीड महिना झाला. मला रडू येत नाही, नुसता राग येतो.

भाभींचे यजमान रहीमभाई राळेगावात एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या शेडमध्ये हंगामात कापसाचा धुरळा इतका, की समोरचा माणूस दिसू नये. भाई तोंडाला रुमाल बांधत, पण निम्मा वेळ तो घाम पुसण्यातच जाई. मशीनच्या बाबतीत मात्र माणूस कडक. रोज सकाळी पट्टे फिरायच्या आत प्रत्येक बेअरिंगला ग्रीस. आवाज येत नाही तर कशाला, असं मी एकदा विचारलं. "आवाज आल्यावर ग्रीस देऊन काय फायदा, मास्तर? तोवर तं बेअरिंग गेलीच समजा."

आणि हाच माणूस गावच्या डॉक्टरांनी छातीसाठी दिलेला, तोंडाने ओढायचा पंप कपाटात जपून ठेवायचा! "रोज घेतला तं सवय लागन. लय दम लागला की घीन." मी शिकलेला, मास्तर म्हणवणारा… मीही मान डोलावली.

खोकला जुनाच होता. मग अंग उतरू लागलं. भाईंचा कंबरपट्टा मशीनच्या टाकून दिलेल्या चामडी पट्ट्यातून कापलेला होता. पँट सैल झाली की खिळा ठोकून त्याला नवं भोक. "भाभी जेवायला देत नाहीत का? नवरदेव दिसायला लागलात," मी चिडवायचो. ते हसायचे, हसता हसता खोकायचे. पायऱ्या चढताना मांड्या भरून येत, ते आम्ही वयावर ढकललं. छातीत धडधडे, ते गॅसवर. एकेक दुखणं वेगळं धरून आम्ही बसलो.

शेवटी यवतमाळला नेलं. पहिला प्रश्न, "बिडी किती ओढता?" भाईंनी जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. दुसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी नीट बसवून सांगितलं. श्वासनळ्यांना आतून कायमची सूज आहे, बरं वाटतं त्या दिवशीही ती असते. ती छातीपुरती थांबत नाही, रक्तावाटे अंगभर जाते, मांस झिजवते, हृदयालाही छळते. म्हणून पंप रोज घ्यायचा.

भाई म्हणाले, "म्हंजे गंजीतली आग." कापसाच्या गंजीत ठिणगी शिरली तर वरून गंजी पांढरीशुभ्र दिसते आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहते. म्हणून भाई रोज कोपरापर्यंत हात खुपसून ऊब पाहायचे. बाहेर आल्यावर त्यांनी माझा खांदा धरला. "मास्तर, माह्या गंजीत कोनी हातच नाही घातला…"

त्यानंतर पंप एकही दिवस चुकवला नाही. पण फार उशीर झाला होता. कापसाने ज्या वर्षांत सगळा तालुका रडवला, त्या वर्षांत वाईट बातमी शेतातूनच येणार असं सगळ्यांनी धरलेलं. पुढारी आले, कॅमेरेवाले आले, बांधावरून परत गेले. जिनिंगच्या फाटकाआतला माणूस कशाने झिजतो, हे कुणी विचारलं नाही. त्यांना काय बोलू? मी तर भिंतीपलीकडेच राहत होतो.

परवा भाभींनी तो पट्टा माझ्या हातात ठेवला. "ठेवा, मास्तर. मजबूत हाये." तो आता माझ्या खोलीत खुंटीवर आहे. मूळची तीन भोकं गोल, पंचाने पाडलेली. पुढची पाच खिळ्याची. त्यातली चार सरळ रेषेत आहेत, फिटरच्या हातची. पाचवं तिरकं गेलंय. यवतमाळला जाण्याच्या आदल्या आठवड्यात भाईंच्या हातून हातोडी उचलेना, तेव्हा ते मी पाडलं होतं. पाडताना नवरदेव म्हणून हसलोही होतो.