दोनदा उलटलेला शंख

माझ्या थोरल्या नणंदेचं लग्न शंखांशी लागलंय, असं आमच्याकडे म्हणतात. वन्सं संग्रहालयात दगड झालेले शंख ओळखतात. त्यातही निमुळते, शंकूसारखे शंख हा त्यांचा प्रांत. कळस किती उंच, खांदा गोल की कंगोरेदार, तोंडाची फट किती अरुंद, हे बघून जात ठरवायची. मी आणलेल्या वांग्याकडेसुद्धा त्या आधी देठाकडून बघतात.

रंग मात्र लाखो वर्षांत उडून जातो. म्हणून शंख एका जांभळ्या दिव्याखाली धरून त्याचा फोटो काढतात. जिथे रंग होता ती जागा उजळते आणि मोकळी जागा काळी दिसते, म्हणजे खऱ्याच्या नेमकं उलट. मग तो फोटो उलटा करून घेतला, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं, की शंख जिवंतपणी कसा होता ते कळतं. इतकी वर्षं हे उलटं करायचं काम वन्संच करायच्या.

मागे त्यांना एक नवी जात सापडली. काळपट अंगावर पांढरे ठिपके. असा शंख आधी कोणी लिहून ठेवलेला नव्हता. वन्संनी वर्णन छापलं आणि जातीला आपल्या सरांचं नाव दिलं. सर अंथरुणाला खिळलेले. ते छापील पान उशाखाली ठेवायचे आणि येईल त्याला दाखवायचे. सरांच्या बायको म्हणायच्या, "जन्मभर लोकांना नावं ठेवली, आता कुणीतरी यांचं ठेवलं."

वन्संना वाटलं, सरांना मोठा फोटो चौकटीत घालून द्यावा. या शंखाचा फोटो संग्रहालयात नव्याच आलेल्या एका बाईंनी काढला होता. वन्संनी त्यांच्याकडे मोठी प्रत मागितली आणि उलटी करून द्या म्हटलं. त्या बाई गोंधळल्या. "पुन्हा उलटा करायचा? मी तुम्हाला उलटा करूनच दिला होता की."

त्या दिवशी वन्सं घरी आल्या आणि पायातल्या चपलांसकट खुर्चीवर बसून राहिल्या. फोटो दोनदा उलटला होता; खरा शंख पांढरा होता, ठिपके काळे होते. अगदी साधी, कुठल्याही पेटीत सापडणारी जात. वर्णन कसं करायचं हे सरांनी त्यांना याच जातीवर शिकवलं होतं. आईला भर बाजारात ओळखू नये तसं झालं, म्हणाल्या. आमच्या यांनी समजूत घातली, की लाखो वर्षांपूर्वी मेलेली गोगलगाय काही तक्रार करायला येत नाही, सर आहेत तोवर गप्प बसावं. वन्संचं ताट तसंच राहिलं. मी देवापुढे बसले, पण त्यांच्यासाठी गप्प राहायची बुद्धी मागावी की बोलायची, तेच कळेना.

सकाळी म्हणाल्या, "वहिनी, चला माझ्याबरोबर."

आम्ही गेलो तेव्हा सर शेजाऱ्यांना तेच पान दाखवत होते. वन्सं बसल्या नाहीत. उभ्या उभ्या सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"शंख दिव्याखाली धरला नाहीस?"

"मापं घेतली, सर. रंगासाठी फोटोवर विसंबले."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पानाची घडी घातली, "दुसरं कुणी दाखवायच्या आत तूच छाप," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. शेजारी आपल्या चपला शोधू लागले.

वाटेत मी म्हटलं, देवाजवळ कबूल केलं की तो पुसून टाकतो.

"आमच्यात पुसत नाहीत, वहिनी. चुकीचं नाव खऱ्या नावाखाली तसंच राहतं. सरांचं नाव, आणि ते देणारीचंही."

दुरुस्ती छापून आली. ती सरांकडे मीच पोचवली, वन्संचा पाय उचलेना. सरांच्या बायको दारातच म्हणाल्या, "ती येत का नाही? हे रोज विचारतात. येताना तो शंखच घेऊन ये म्हणावं, पहिल्यापासून बघू म्हणताहेत."

मी घरी येऊन निरोप सांगितला. वन्संनी उठून चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत काढून ठेवल्या.