रडणारी मुलं मागे द्या

मार्तंड टिपणिसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते मुलं पळवणारे वाटले होते. आणि खरं सांगायचं, तर पहिली दोन मिनिटं मला फार बरं वाटलं होतं.

साल बावन्न. मुलुंडच्या आमच्या मंडळाच्या वार्षिक उत्सवात रविवारी दुपारी चार वाजता बायकामुलांसाठी नाटक होतं. आमची क्षमा तेव्हा दीड वर्षाची. तिला नाटक दाखवायची कल्पना माझी. बायको नीला नको म्हणत होती, पण लहानपणापासून कलेचे संस्कार वगैरे बोलून मी तिला गप्प केलं. पडदा वर गेला, दाढीवाला राजा पुढे आला आणि क्षमाने जो सूर लावला तो भांडुपपर्यंत गेला असला पाहिजे. तिथल्या फाटकवाल्याने गाडी आली समजून फाटक लावून घेतलं, असं मी अजूनही सांगतो. राजाची दाढी एका बाजूने सुटली. प्रधान घाबरून तिसऱ्या अंकातलं बोलू लागला आणि दुसऱ्या अंकात मरायचा सेनापती ते ऐकून पहिल्याच अंकात मेला. पेटीवाल्याने बिचाऱ्याने क्षमाच्या पट्टीत पेटी मिळवून पाहिली, पण त्या पट्टीची पेटी अजून कुणी बनवलेली नाही. मंडपातली चारशे माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू रडतोय तो मीच.

तेवढ्यात एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. बंद गळ्याचा कोट, खिशाला दोन फाउंटनपेनं. त्यांनी एक शब्द न बोलता माझ्या मांडीवरून क्षमाला उचललं आणि मंडपाबाहेर चालते झाले. बापाचं कर्तव्य आठवायला मला वर सांगितलेली दोन मिनिटं लागली. मग मी धावलो.

गृहस्थ स्टेशनाजवळच्या टांग्याच्या अड्ड्यावर उभे होते. क्षमा त्यांच्या खांद्यावर, गप्प, तोंड उघडं. ते तिला सांगत होते, "आता तुम्हीच बघा, बाईसाहेब. फाईल माझ्या टेबलावर आली मंगळवारी. आणि हेडक्लार्क म्हणतात, सही सोमवारची हवी. मी करावं काय?"

क्षमा खरोखरच विचार करत होती.

"अहो, ती माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

"असेल. पण आत्ता त्या कामात आहेत. तुम्ही नाटक बघा जा."

मार्तंडराव फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होते आणि आमच्याच गल्लीत राहत होते. त्यांनी मुलांना कधी झुलवलं नाही, खुळखुळा वाजवला नाही, बोबडं बोलले नाहीत. जन्मून वर्ष न झालेल्यालाही ते अहोजाहो करत आणि त्याच्यापुढे कचेरीतली गाऱ्हाणी मांडत. इतक्या मानाने आपल्याला कुणी काही विचारतंय, या धक्क्यानेच मुलं रडायची थांबत. एकदा भर सभेत मी त्यांना 'अखिल मुलुंड रडकी मुले खात्याचे मुख्याधिकारी' म्हटलं, तर पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा कोट घालून आले.

दोनेक वर्षांत त्याची रीतच पडून गेली. मंडपात कुठेही पोर रडलं, की कुणीतरी ओरडे, "अरे, मागे द्या रे!" आणि ते पोर डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, आग लागल्यावर पाण्याच्या बादल्या द्याव्यात तसं दाराशी मार्तंडरावांकडे पोचे. आया मान वळवूनही बघत नसत. एका नाटकाच्या वेळी त्यांच्याकडे पाच पोरं जमली. काशीराम टांगेवाल्याने पाचांना टांग्यात बसवलं आणि मार्तंडरावांनी समोर उभं राहून त्यांच्यापुढे पगारवाढीचा अर्ज वाचला.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. म्हणजे एक झालं होतं. अकरा दिवसांचं होऊन गेलं.

पंचावन्न साली त्यांच्या घरी वसुधा आली. त्यांचा धाकटा भाऊ नंदकिशोर भुसावळला रेल्वेत होता. त्याची बायको कुंदा, बाळंतपणानंतर तिला क्षय निघाला. तिला मिरजेकडे दवाखान्यात ठेवलं आणि चार महिन्यांची वसू मार्तंडरावांच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या ओटीत आली. अठरा महिने राहिली. बोलायला लागली तेव्हा वहिनींना आई म्हणू लागली आणि मार्तंडरावांना आबा. वहिनी तिला रोज भिंतीवरचा फोटो दाखवून "ही तुझी आई" असं सांगत. वसू फोटोला शहाण्यासारखा नमस्कार करी, कारण त्या भिंतीवरच्या बाकीच्या फोटोंनाही ती नमस्कारच करत असे.

आणि छप्पन्नच्या डिसेंबरात फोटोतली बाई दारात येऊन उभी राहिली. बरी झालेली, हाडकुळी, हसू की नको अशा चेहऱ्याची. वसू तिला बघून वहिनींच्या निऱ्यांत शिरली. पहिले तीन दिवस तिने कुंदाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. चौथ्या दिवशी नंदकिशोर म्हणाला, "दादा, रविवारपर्यंत बघू. नाही लागला हिचा लळा, तर राहू दे पोरगी तुमच्याकडेच. डॉक्टरांनी हिला जपायला सांगितलंय. दिवसरात्र रडणारं पोर नाही झेपायचं."

हे मला मार्तंडरावांनीच सांगितलं, त्या रविवारी, मंडपाच्या दारात. चारचा खेळ होता, कल्याणच्या कुणा जादूगाराचा. मी छातीला बिल्ला लावून लोकांना आत सोडत होतो. नंदकिशोर खुर्च्यांत बसला होता. पुढे बायकांच्या सतरंजीवर सुनंदावहिनी, शेजारी कुंदा आणि कुंदाच्या मांडीवर, चणे देऊन कशीबशी बसवलेली वसू.

"म्हणजे राहतेय की हो वसू!" मी आनंदाने म्हणालो. "आजचा एक दिवस!"

मार्तंडराव नुसते चष्मा पुसत राहिले.

जादूगाराने टोपीतून कबूतर काढलं. ते उडून मंडपाच्या बांबूवर जाऊन बसलं आणि खाली यायला तयार होईना. मुलं खिदळली. मग चिडून त्याने टोपीत कसलीशी पूड टाकली, भप्पकन जाळ झाला आणि वसू किंचाळली.

"मागे द्या रे!"

बायकांनी सवयीने हात पुढे केले. आमच्या नीलाने कुंदाच्या मांडीवरून वसूला उचललं, मागच्या बाईकडे दिलं, तिने तिच्या मागच्या. कुणाच्या मनात काही नव्हतं. चार वर्षं हे असंच चाललं होतं. कुंदाचे हात तसेच पुढे राहिले. तिला काय चाललंय ते कळायच्या आत पोरगी सात रांगा ओलांडून मार्तंडरावांच्या खांद्यावर आली होती आणि गप्प झाली होती.

मग कुंदा उठली. बायकांच्या मांड्यांतून, पायांतून, "अगं बाई, बस ना खाली," असं ऐकत ऐकत ती दाराशी आली. तिला धाप लागली होती.

"भाऊजी, माझी आहे ती," ती म्हणाली.

मार्तंडराव वसूला घेऊन टांग्यांच्या अड्ड्यावर आले. मागोमाग कुंदा, आणि दार सोडून मी. तिथे त्यांनी वसूला तिच्याकडे दिलं. वसूने पाठ ताठ करून असा काही आकांत मांडला की घोड्यांनी कान टवकारले. "आबा! आबा!" कुंदाने थोपटलं, झुलवलं, चुचकारलं. तिच्या गालाला पोरीची नखं लागली. शेवटी तिचे खांदे पडले.

"मला नाही जमायचं. घ्या, भाऊजी. तुमच्याकडेच राहू दे तिला."

तिने वसूला पुढे धरलं. वसूनेही दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले होते. मी मनात म्हणत होतो, घ्या हो, घ्या. अहो, ती स्वतःच्या तोंडाने म्हणतेय.

मार्तंडरावांनी हात पाठीमागे बांधले.

"बाईसाहेब म्हण," ते कुंदाला म्हणाले.

"काय?"

"तिला बाईसाहेब म्हण. थोपटू नकोस. अहोजाहो कर आणि तक्रार सांग."

"कसली तक्रार?"

"कसलीही. पण खरी सांग. खोटी त्यांना कळते."

एवढं सांगून ते वसूला दिसू नये म्हणून काशीरामच्या टांग्याआड जाऊन उभे राहिले. कुंदाने वसूला सावरून धरलं. मग चाचरत म्हणाली, "बाईसाहेब... आमच्या दवाखान्यात एक मेट्रन होत्या."

वसू रडतच होती.

"मोठ्याने," टांग्याआडून आवाज आला.

"त्या मेट्रन बाई ना, रोज सकाळी माझ्या उशीखालचा फोटो काढून कपाटात ठेवायच्या. मी रात्री परत काढून घ्यायची. त्या म्हणायच्या, धुळीने जंतू वाढतात. तुमचा फोटो हो, बाईसाहेब. चार महिन्यांच्या होतात तुम्ही. आता तुम्हीच सांगा, त्या फोटोत कसले आले जंतू?"

वसू थांबली. एक हुंदका तेवढा मागे राहिला होता, तो तिने गिळला आणि कुंदाच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक बोट पुढे करून तिच्या ओठांना लावलं.

"आणि दुधात पाणी घालायच्या," कुंदा म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ती थांबली नाही. बोलत बोलत, गाऱ्हाणी मांडत ती वसूला घेऊन पोस्टाच्या बाजूला चालत गेली.

टांग्याआड मार्तंडराव चाकाला धरून उभे होते. काशीराम म्हणाला, "साहेब, बसा ना आत." ते बसले. काशीरामने सवयीने लगाम उचलला आणि विचारलं, "कुठं घेऊ?"

"कुठं नाही," मार्तंडराव म्हणाले.

आत मंडपात टाळ्या पडल्या. कबूतर बहुधा खाली आलं असावं. थोड्या वेळाने सुनंदावहिनी वसूची लोकरी टोपी हातात घेऊन बाहेर आल्या. मोकळ्या टांग्यात बसलेला नवरा त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टोपीची नाडी बोटाला गुंडाळत त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. मी दाराकडे परत गेलो. तिथे माझी गरज होती असं नाही.

मंगळवारी दुपारी नंदकिशोर, कुंदा आणि वसू भुसावळला गेले.

मार्तंडराव त्यानंतर मंडळाच्या खेळांना आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि कचेरीत काम फार आहे असं सांगितलं. पुढच्या उत्सवाच्या हँडबिलावर मंडळाने शेवटी एक ओळ वाढवली: तीन वर्षांखालील मुलांस आणू नये.