डाव्या हातातली बाई

माइक उजव्या हातात असला की मामू पुरुष, आणि डाव्या हातात गेला की बाई. मधे खंड नाही. भरदार आवाजात नायकाची ओळ संपायची, माइक या हातातून त्या हातात जायचा, भुवया वर चढायच्या, मान जराशी कलायची, आणि त्याच दाढीवाल्या तोंडातून बारीक, लाडात आलेला बायकी आवाज निघायचा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला फसवणूक कळत नसे. डोळे उघडे ठेवून ऐकणाऱ्याला हसण्यापायी घास गिळता येत नसे.

"दोनी बाजू आपल्याच हायत," असं ते सांगायचे. गाण्याबद्दल विचारा, धंद्याबद्दल विचारा, घरातल्या भांडणाबद्दल विचारा, उत्तर हेच.

नाव मी लिहीत नाही. बीडमध्ये त्यांना सगळे मामूच म्हणत, आणि तुम्ही बीड-गेवराईकडच्या लग्नांत जेवला असाल तर ते तुमच्या कानांवरून नक्की गेलेले आहेत.

माझं मंगल कार्यालय पालीच्या रस्त्याला आहे. लग्नात लोक नवरीचा शालू बघतात, मी पाण्याची टाकी, जनरेटर आणि चाव्या बघते. मामूंची ओळख चावीमुळेच झाली. एका लग्नात जेवणाच्या वेळी गाणी म्हणायला बँजो पार्टी आली होती. मी ऑफिसात बसले होते, तर बाहेर माइक तपासताना बाईचा आवाज आला. म्हटलं, कुणी गाणारी बाई आहे, तिला साडी बदलायला खोली लागेल. बायकांच्या खोलीची चावी घेऊन गेले. स्टेजवर सगळे पुरुष.

"तुमच्या बाई कुठं आहेत? ही चावी द्यायची होती."

मामूंनी शांतपणे माइक डाव्या हातात घेतला आणि त्या आवाजात, भर माइकवर म्हणाले, "नको वो ताई. आमी हाय तसंच बरं."

आचारी झारे घेऊन बाहेर आले हसायला. मला हसू आलं नाही. माझी भाजी चुलीवर होती.

दिवसा ते बसस्टँडमागच्या गल्लीत पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची, नवी गुंडाळायची. काम उत्तम, वेळेचं नाव नको. शेतकऱ्यांचे फोन आले की डाव्या हातात फोन घ्यायचे आणि बायकी आवाजात सांगायचे, "ते भाईर गेलेत. आल्यावर सांगते." समोरचा माणूस नरमाईनं म्हणायचा, "बरं भाभी, सांगा तेवढं, पीक वाळू लागलंय." एकदा चौसाळ्याचा एक जण मोटार न्यायला आला तो भाभीसाठी शेतातली वांगी घेऊन. फोनवर इतकं गोड बोलतात म्हणून. खऱ्या भाभींना काहीच माहीत नाही. त्यांनी वांगी घेतली आणि मामूंकडे असं बघितलं की मामू दोन्ही आवाज विसरले.

गाण्याचं वेड मात्र खरं. तार गुंडाळताना कानात गाणी. जुनी सिनेमातली द्वंद्वगीतंच हवीत, एकट्याचं गाणं त्यांना अर्धवट वाटे. आणि बाईची बाजू कमी असलेलं गाणं ते यादीतूनच काढून टाकायचे. "बाईला बोलावलं आन् नुस्तं आऽ करायला लावलं. कावून? ती काय दाताच्या डॉक्टरकडं आलीय?"

आपल्या गळ्यातल्या बाईची ते बडदास्तही ठेवत. लग्नात पानात लोणचं पडलं की बाजूला सारायचे. आइस्क्रीम आलं की हात जोडायचे.

"घ्या की मामू, आपल्याच इथलं आहे."

"मला चालतं ताई. तिला चालत न्हाई."

हॉल बुक करायला येणारे लोक आधी दोन आवाजवाला मिळेल का विचारत, मग पार्किंगचं. कार्यालय माझं, आणि नाव मामूंचं. मला राग यायचा. पण हॉल बुक व्हायचा.

मग एका लग्नात ते झालं. ऐन जेवणात, मोठ्या गाण्याच्या अंतऱ्यात, माइक डाव्या हातात गेला, भुवया वर गेल्या, आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. जुन्या टेम्पोचा हॉर्न दाबावा तसा. बायकांच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अगं बाई, हिला सर्दी झाली की." हॉल हसला. मामूही हसले, पण उजव्या हातानं.

खाली उतरल्यावर आधी साउंडला नावं ठेवली. मग धुळीला. मग म्हणाले, "तुमच्या कूलरचा वारा लई गार हाय ताई, गळ्यावर येतो." तो कूलर त्यांनीच दुरुस्त करून दिला होता आणि तो गार वारा टाकत नाही अशी माझी तक्रार होती.

पुढच्या लग्नात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मध, हळद, आलं, मफलर, सगळं झालं. आवाज गेला तो गेला. फोनवरची भाभीही गेली, त्यामुळं बीडच्या आसपासच्या मोटारी एकाएकी वेळेवर मिळायला लागल्या. लोकांना वाटलं, मामू सुधारले.

बँजो पार्टीचा मालक व्यवहारी माणूस. त्यानं चौसाळ्याची अनिता आणली. नवरा टेम्पो चालवतो, हिचा गळा असा की जनरेटर चालू असला तरी शेवटच्या टेबलाला शब्द कळावा. मामूंनी पुरुषाची बाजू गायची, अनितानं बाईची. आता यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं.

पहिल्याच लग्नात अनिताची ओळ आली आणि मामूंचा माइक आपसूक डाव्या हातात गेला. ती गायली, हेही गायले. एकाच बाईचे दोन आवाज, एक धडधाकट आणि एक फाटका. अनितानं हात केला, "मामू, हे माजं हाय."

"हाव, हाव. तुजंच."

पुढच्या कडव्याला परत. तिसऱ्यांदा तिनं माइक टेबलावर ठेवला, खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "गा मग तुमी दोघंच."

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. मालकाला तसं वाटलं नाही. सामान भरताना तो मामूंना म्हणाला, "मामू, तुमच्यापुढं मी लहान हाय. पर आता गेवराईवाल्यांचं लग्न हाय. मोठी पार्टी हाय. तवा गप बसता आलं तर या. न्हाई तर मी दुसरा गडी बघतो, तुमी मोटारी भरा."

मामू तार गुंडाळावी तशी माइकची वायर हातावर गुंडाळत राहिले.

दोन दिवसांनी दुपारी कार्यालयात आले. कूलर बघायच्या निमित्तानं. कूलर न बघता म्हणाले, "ताई, हॉल रिकामा हाय का? मला गप बसायची प्राक्टिस करायचीय."

मला कामं होती. पण रिकाम्या हॉलला भाडं येत नाही, आणि कूलर फुकट दुरुस्त होणार होता. मालकाला आणि अनिताला बोलावलं.

आधी मी मामूंच्या गालात सुपारीचं खांड ठेवलं. म्हटलं, तिची ओळ आली की चावत बसा. ते सुपारीसकट गायले. मग मालकानं तिच्या ओळीला मामूंचा माइक बंद करून बघितला. मामूंना माइकची गरज नव्हती, आवाज मागं भांड्यांच्या खोलीपर्यंत गेला. अनिता म्हणाली, "तोंडाला फडकं बांदा."

"बांद बाई," मामू म्हणाले. "मी काय मुद्दाम करू लागलो का? तोंड आपोआप उगडतं. येवडे वर्सं तिचं मीच केलं. आता ती म्हनती, मी कुठं जाऊ?"

"कोण ती?" अनिता म्हणाली.

मामूंनी डाव्या हाताकडं बघितलं. मी पण बघितलं. आणि माझ्या लक्षात आलं, जे पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. तोंड आधी उघडत नव्हतं. आधी हात बदलत होता. माइक डाव्या हातात गेला की मागोमाग भुवया, मान, आवाज. बटण हातात होतं आणि आम्ही तिघं तोंडाला कुलूप शोधत होतो.

कमरेच्या जुडग्यातून बायकांच्या खोलीची चावी काढली आणि मामूंच्या डाव्या मुठीत दिली. "हे धरा. गाणं संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. चावी पडली तर मी खोलीत कोंडीन."

"कोनाला? मला का तिला?"

"दोघांना."

गाणं सुरू झालं. मामूंची ओळ संपली, डावा हात वर आला, मुठीत चावी बघून थांबला. अनितानं श्वास घेतला आणि मामू काही करायच्या आत ओळीवर झडप घातली, ठेक्याच्या जरा आधीच. मामू गप. जबडा हलत होता, भुवया छतापर्यंत गेल्या होत्या, पण आवाज नाही. मालकानं पुढचा ट्रॅक लावला.

गेवराईवाल्यांच्या लग्नात मी स्टेजच्या बाजूला उभी राहिले. आमटी कमी पडतेय असा दोनदा निरोप आला, मी गेले नाही. ज्या गाण्यात आवाज फाटला होता तेच गाणं मामूंनी मागून घेतलं. उजव्या हातात माइक, डावी मूठ पाठीमागं, पोराला पकडून ठेवावं तशी घट्ट. अंतरा आला. अनितानं परत तशीच झडप घातली. वरचा सूर गेला, टिकला, उतरला. मामू तिच्याकडं बघत उभे होते. जेवणारे जेवत होते. कुणाला काही घडल्याचं कळलं नाही, आणि मालकाला नेमकं तेच हवं होतं.

खाली आल्यावर मामू माझ्याशेजारी खुर्चीवर बसले. मुठीतली चावी खिशात टाकली. मग म्हणाले, "ताई, ही ओळ मी कदी ऐकलीच नव्हती."

"इतकी वर्षं गाताय की."

"गानं येगळं. ऐकनं येगळं. लई चांगली ओळ हाय." मग जरा थांबून, "पर शेवटी जरा घाई करती पोरगी."

"तुमच्यामुळं करते."

"हाव, मला बी तसंच वाटलं." आणि त्यांनी आइस्क्रीम मागवलं. दोन वाट्या.

त्यानंतर दोन लग्नसराया मामू आणि अनिता मिळून गायले. भांडत गायले. तिनं ओळ लवकर उचलली म्हणून हे रागवायचे, यांनी ओठ हलवले म्हणून ती. चावी मात्र मामूंनी परत दिली नाही. मागितली की म्हणायचे, "राहू द्या, लागती." मी कुलूप बदलून घेतलं.

गेल्या थंडीत मामू गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. मोटारी तेवढ्या चार-पाच अर्ध्यावर राहिल्या. मी घरी भेटायला गेले. भाभी माझ्याशी कधी फारशा बोलल्या नव्हत्या. पाणी दिलं, समोर बसल्या. म्हणाल्या, "दुकानातून आलं की घरात बी दोनी आवाजात बोलायचे. मी वैतागायची. आता दोन मानसं गेल्यावानी लागतंय."

मी अर्धवट मोटारींचं काय करणार ते विचारलं. ते निदान उपयोगाचं होतं.

परवा आमच्याकडं लग्न होतं. अनिता होती, आणि सोबत मालकानं आणलेला नवा गायक, तरुण, सुरात, शिकलेला. तो आपली ओळ गातो आणि गप उभा राहतो. कुणाला शिकवावं लागत नाही. जेवणाच्या वेळी तेच गाणं लागलं. त्याची ओळ संपत आली आणि अनितानं आपली ओळ उचलली, ठेक्याच्या जरा आधी.

गाणं संपल्यावर तो पोरगा तिला म्हणाला, "ताई, अर्धी मात्रा आधी येता तुम्ही. कुणी घेणार नाही हो तुमची ओळ."

अनितानं त्याच्याकडं बघितलं. "माहीत हाय," म्हणाली, आणि पुढच्या गाण्यालाही आधीच आली.