आखाजी ते आखाजी

आमच्या गावाकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतं. वर्षभर शेतात राबायला ठेवलेल्या माणसाचा जुना हिशोब त्या दिवशी मिटतो, आणि दोघांचं पटलं तर नवं साल धरलं जातं. माझे वडील, म्हणजे आबा, आयुष्यभर असे सालदार ठेवत आले. एका वर्षी त्यांनी मलाही तसंच ठेवलं.

कारण घडलं ते असं. आम्ही धुळ्यात भाड्याच्या घरात राहत होतो. मी एका जिनिंगमध्ये हिशोब लिहायचो, बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची बदली शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचं आणि सोमवारी पहाटे परत. मुलगी दुसरीत होती, मुलगा अजून शाळेत जात नव्हता. कोणीतरी एकाने घरी राहायला हवं होतं, आणि ते कोणी हे सगळ्या नातेवाइकांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मी कागद घेऊन बसलो. तिची नोकरी कायम, पगार माझ्यापेक्षा जास्त, पुढे पेन्शन. माझी नोकरी कापसाच्या हंगामावर हलणारी. आकडे सरळ होते, म्हणून मी गावी जाऊन आबांना सरळ सांगितलं की घरी मी राहतो आणि दोन-तीन दुकानांचे हिशोब घरी आणून लिहितो. आबांनी अंगणातल्या बैलापुढे कडबा टाकला. मग म्हणाले, "आखाजीपासून आखाजीलोंग. एक साल. मन्हाकडे पैसा मांगानं नही, पोरे रडाले नकोत. जमनं ते ठीक शे. नही जमनं ते सूननी नोकरी सोडानी."

बायको दाराआड उभी होती. तिने ऐकलं, आणि पाणी आणायला आत गेली.

जिनिंगमध्ये लाखांचे आकडे माझ्या हाताखालून गेले होते, त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. पण घर हातात घेतल्यावर पहिल्याच महिन्यात माझा खर्च जमेच्या पुढे गेला. मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. चूक नव्हती. बायको याच घरात, याच दोन पोरांसह, यापेक्षा कमी पैशांत महिना काढत होती, आणि वर थोडं मागे टाकत होती. तो पैसा कुठून येत होता ते मला सापडेना.

सापडायला पावसाळा जावा लागला. गल्लीतून बाजारात जाणारी एक बाई चार घरांच्या मिरच्या एकदम घेत होती, म्हणून भाव उतरत होता. एकीच्या मुलीचा फ्रॉक दुसरीकडे, तिथून तिसरीकडे फिरत होता. कोणाचा गॅस संपला तर त्या दिवशी तिचा कुकर शेजारी चढत होता. माझा मुलगा दुपारी समोरच्या अक्कांकडे झोपायचा, तेवढ्या वेळात मी दुकानांच्या वह्या लिहायचो, आणि त्याबद्दल अक्कांना काय द्यायचं असं विचारलं तर त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघायच्या. आमच्या घराच्या जमेची एक मोठी बाजू त्या गल्लीत होती. इतकी वर्षं मी तिथे राहत होतो आणि मला ती दिसली नव्हती. 

त्या बाजूत शिरायला मात्र थोडी टिंगल सोसावी लागली. नळावर रोज कोणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, आज काय?"

"भरीत."

"वांगी भाजली का हिशोबानं शिजवली?"

"करपली तेवढी वजा केली," मी म्हणायचो, आणि हंड्यांवर हसू उसळायचं.

चैत्र लागला आणि माझी किंमत वाढली. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे एक प्रकारचे पापड, करतात. ज्वारी तीन दिवस भिजत घालून आंबवायची, भरडायची, तिखट, तीळ, जिरं घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. या घट्ट लापशीला घाटा म्हणतात. तो गरम असतानाच ओल्या कापडावर पातळ थापायचा आणि उन्हात वाळवून सोलून काढायचा. गल्लीतल्या बायका हे आज एकीकडे, उद्या दुसरीकडे असं पाळीने करतात. घाटा ढवळायला जोर लागतो. त्या जोरासाठी मला बोलावणं येऊ लागलं. "भाऊले हाक मारा, घाटा फिरवाले," असं ओरडलं की मी बाह्या वर सारून निघायचो. असे मी घरोघरचे घाटे फिरवले. बदल्यात प्रत्येकीने एक दिवस माझ्याकडे थापायला यायचं होतं.

ते दिवस मी राखून ठेवले होते, कारण डोक्यात एक बेत होता. बदलीनंतर बायकोचे पगाराचे कागद कुठेतरी अडकले होते आणि शेवटचे काही महिने पगारच आला नव्हता. वर्ष मिटायला आलं होतं. घरभाडं थकलं होतं. आबांकडे मागितलं असतं तर एका शब्दात भागलं असतं, आणि त्याच शब्दात तिची नोकरीही गेली असती. तेवढ्यात जळगावच्या एका किराणा दुकानाच्या मारवाडी शेठजींनी चाळीस किलो बिबडे मागितले. घरचेच हवेत, आणि आखाजीनंतर लगेच हवेत. थोडी रक्कम आगाऊ दिली, ती ज्वारी-तिळातच संपली. उरलेल्या रकमेत भाडं आणि किराणा बरोबर बसत होता. मी दिवस मोजले, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी थापायला येतील अशा बेताने ज्वारी भिजत घातली.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी अक्का दारात आल्या. माझ्या ओट्यावर मांडलेले भिजवलेल्या ज्वारीचे ड्रम बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, हे थापणार कोण?"

"कोण म्हणजे? आपल्या गल्लीतल्याच."

"गल्लीत कोण शे?" त्या म्हणाल्या. "सुना बठ्ठ्या माहेरी गेल्या ना रे. आखाजी शे."

बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या. मी एका ड्रमचं झाकण उचलून आत बघितलं. आखाजीला बायका माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे मी लहानपणापासून बघत होतो. माझी बायकोही एरवी माहेरी, एरंडोलला जायची. याच वर्षी ड्युटीमुळे गेली नव्हती. पण त्या वर्षी आखाजी माझ्या डोक्यात फक्त हिशोब मिटण्याची तारीख होती. शहाण्या बायकांनी बिबडे आधीच का उरकले होते, तेही आता कळलं. ज्वारी भिजली होती, आंबली होती. ती थांबणार नव्हती. माझं ज्यांच्याकडे येणं होतं त्या आपापल्या गावी झोक्यावर होत्या.

"मग तुमच्या लेकी?" मी चाचरत विचारलं. अक्कांची लेक सुरतेहून आली होती. प्रत्येक घरात अशी एखादी आली होतीच.

अक्कांनी कानाला हात लावला. "माहेरवाशिणीला काम लावायचं? पाप लागेल मला. आणि तुलाही."

त्यांचं बरोबर होतं. मी विषय तिथेच सोडला. त्या पोरींकडे माझं काही येणं नव्हतं. वर्षभर सासरी राबून त्या चार दिवस बसायला आल्या होत्या.

आखाजीचा दिवस सणाचा, म्हणून पूजा केली, पोरांना आमरस दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर चूल पेटवली. एकट्याने जेवढं होईल तेवढं करायचं आणि उरलेलं फेकायचं, असं ठरवलं होतं. किती फुकट जाणार याचा आकडाही मनात मांडून झाला होता. घाटा रटरटायला लागला आणि जिन्यात बांगड्या वाजल्या.

सगळ्यात पुढे अक्कांची लेक होती. मागे एकीमागून एक पोरी, सणाच्या नव्या लुगड्यांत, हातांवर रंगलेली मेंदी. त्यांच्या मागे धापा टाकत अक्का. "अगं, ऐका गं! लोक काय म्हणतील मला?"

"आई, आम्ही काम करी ऱ्हायनूत का?" लेक म्हणाली. "खेळी ऱ्हायनूत. आखाजीले खेळू नको का?"

मी पळी हातात धरून म्हणालो, "बाई, मला हे चालणार नाही. माझं तुमच्याकडे काही येणं नाही."

"आमच्या वहिनीकडे आहे ना? वहिनी नाही तर तिची नणंद. घरात एकीनं भरलं की झालं." मग पदर खोचत ती म्हणाली, "आणि वहिनी आली की सांगा तिला, जन्मात पहिल्यांदा नणंदेनं तुझं काम केलं म्हणावं!"

सगळ्या हसल्या, आणि कोणीतरी गाणं उचललं.

पुढे जे झालं ते मी पातेलं ढवळत बघितलं. गच्चीवर ओली धोतरं अंथरली गेली. एक हात घाट्याचा गोळा टाकायचा, दुसरा पाण्यात बुडून यायचा, आणि गाण्याच्या एका ओळीत एक गोल कापडावर उमटलेला असायचा. आमची गच्ची भरली. मग शेजारची, मग कठड्यावरून पलीकडची. पोरींच्या मेंदीवर तिखटाचा लाल रंग चढला. मधूनच दोघी उठून फुगडी घालायच्या आणि परत बसायच्या. सूर्य वर आला तेव्हा तीन गच्च्यांवर पांढरट गोल ओळीने चमकत होते, आणि खान्देशचं ऊन, ज्याला आम्ही रोज शिव्या देतो, त्यांच्यावर भरभरून पडत होतं. मी आयुष्यात पुष्कळ मोठ्या रकमा मांडल्या आहेत. एवढं मोठं काही माझ्या नावावर जमा झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

सकाळच्या एसटीने बायको आली. धुळीने माखलेली, खांद्याला पिशवी. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली आणि पुढे येईना. अक्कांच्या लेकीने तिचा हात धरून तिला सावलीत बसवलं, गरम घाट्यात खळगा करून त्यात कच्चं तेल ओतलं, आणि वाटी तिच्या हातात दिली. "तू हलू नको. यंदा तुझं माहेर इथंच." बायको खात होती आणि रडत होती. तिखट फार आहे, असं पोरांना सांगत होती.

दुपारी आबा आले. गावाकडच्या सालदारांचा हिशोब मिटवून, माझा मिटवायला आले होते. गच्चीच्या दारात चपला काढून ते उभे राहिले. बिबडे बघितले, पोरी बघितल्या, घाट्याने कोपरापर्यंत लडबडलेला मी बघितला. मुलीने त्यांना वाटी आणून दिली. ती त्यांनी बोटाने पुसून खाल्ली.

"पैसा मांगा का कोनाकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पोरे रडनात का?"

मुलगा मध्येच म्हणाला, "मी रडलो एकदा. नळावर पडलो तेव्हा."

आबांनी मान डोलावली. सुनेकडे वळून म्हणाले, "बाई, तुना सालदार चांगला शे. औंदाबी ठेव." मग पिशवीतून नवा टॉवेल आणि टोपी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. साल धरलं की सालदाराला देतात तशी.

टोपी घालायला माझे हात स्वच्छ नव्हते. बायकोने ती माझ्या डोक्यावर ठेवली, आणि पोरी पुन्हा गाऊ लागल्या. आबांच्या शेतावर सालदार दोनच होते. टॉवेल-टोपीची तिसरी जोडी त्यांनी माझा हिशोब बघायच्या आधीच, गावातूनच घेऊन ठेवली असणार. हे माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. ऊन उतरायच्या आत धोतरं पलटायची होती.