विरोधी पक्षनेत्यांची शुक्रवारची बैठक

विरोध हा काही लोकांचा स्वभाव असतो, काहींचा धंदा असतो; दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गृहस्थांचा तो श्वास होता. पश्चिम आफ्रिकेतल्या एका चिंचोळ्या देशाचे ते विरोधी पक्षनेते. देशाचं नाव सांगत नाही, कारण त्यांची मंडळी अजून तिथेच राहतात. दोन निवडणुका हरून त्यांनी संसदेतली विरोधी बाकं गाजवली, मग तुरुंग पाहिला, आणि लष्कराने सत्ता घेतली तेव्हा मासेमारीच्या होडीतून शेजारच्या देशात निसटले. तिथून फिरत फिरत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन पोचले. त्यांच्या गावचा एक जण फुजैऱ्याहून जुने टायर आफ्रिकेला पाठवायचा. त्याच्या ऑफिसातला पत्रव्यवहार ते सांभाळत. मी जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो. त्यांची ताडमाड उंची, इस्त्रीचा पायघोळ झगा आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाशी, अगदी कडेवरच्या बाळाशीसुद्धा, हस्तांदोलन. वॉचमन खानसाहेब त्यांना 'लीडरसाब' म्हणत. मी 'सर' म्हणायचो, ते मला 'मिस्टर परब'.

त्यांच्यासमोर कुठलाही प्रस्ताव ठेवायची सोय नव्हती. पाण्याचा पंप बदलायचा म्हणून बिल्डिंगमधले आम्ही खाली जमलो, तर ते उठून उभे राहिले आणि जुन्या पंपाच्या बाजूने असं भाषण केलं, की नवा पंप आणणारा मल्याळी मेकॅनिक खजील होऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही तेव्हा सगळ्यात जास्त तक्रारही त्यांनीच केली. "सत्ताधाऱ्यांनी माझं ऐकायला नको होतं," असं त्यांचं म्हणणं. हिंदी सिनेमाची गाणी त्यांना लहानपणापासून पाठ, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. विरहाचं गाणं ते मोर्च्याच्या चालीत म्हणत. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा, दार लावून, आवाज न करता. दुसऱ्या संध्याकाळी बादलीत विसर्जन करायचं म्हणून मी मूर्ती उचलली आणि सर सोफ्यावरून उठले. "माझा विरोध आहे. एका नेत्याला पाण्यात सोडण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून घेतली का?" सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हसत हसत त्यांना समजावलं की तो आपल्या घरी जातोय, पुढच्या वर्षी येईल. ते लगेच बसले. "घरी जात असेल तर गोष्ट वेगळी," म्हणाले, आणि मग प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून बराच वेळ बादलीकडे बघत राहिले.

इतकंच असतं तर मी त्यांना एक विक्षिप्त शेजारी म्हणून विसरूनही गेलो असतो. पण शुक्रवार होते. फुजैऱ्यात जुम्म्याची नमाज आटोपून गाव जेवलं की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मागे काळे उघडे डोंगर, पुढे समुद्रात नांगर टाकून हलायचं विसरलेली जहाजं, आणि मध्ये डोळे मिटावे लागतील असं पांढरं ऊन. अशा वेळी समोरच्या फ्लॅटमधून फरशीवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येई. मग सरांचा भारदस्त आवाज, मग शांतता. आणि ती शांतता अशी, की कुणीतरी बोलतंय आणि सर ऐकून घेताहेत. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती एकदा म्हणाली, "बाबा, अंकल हॅज गेस्ट्स अगेन." मी विचारलं, किती? "लॉट्स," ती म्हणाली आणि चित्र रंगवायला लागली. मी खाली जाऊन खानसाहेबांना विचारलं, लीडरसाबकडे कोण येतं? खानसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "परबभाई, आता-जाता तो कोई नहीं. लेकिन जुम्मे को लिफ्ट ऊपर से खाली आती है, दरवाजा खुलता है, अंदर कोई नहीं. मैं सलाम कर देता हूँ. अपना क्या जाता है."

एका शुक्रवारी सुनंदाने केलेला शिरा द्यायला मी गेलो. सरांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत घेतलं. हॉलमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या. प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याचा ग्लास. मधल्या टेबलामागे सरांची स्वतःची खुर्ची. "कार्यकारिणीची बैठक चालू आहे," ते हळूच म्हणाले, "निरीक्षक म्हणून बसा." आणि त्यांनी ओळख करून दिली. हे आमचे खजिनदार, यांना समुद्रात टाकलं. हे हेडमास्तर, बराकीत गेले ते परत आले नाहीत. हा रेडिओवर बातम्या द्यायचा, फार तरुण. सर एकेका खुर्चीकडे हात करत होते आणि माझी मान नकळत नमस्काराला वाकत होती. मग ठरावावर मतदान झालं. टायरवाल्याने त्यांना दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामावर बढती देऊ केली होती, तिकडे जावं की नाही, असा विषय. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला. "ठराव फेटाळला." मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, इथे तुम्ही एकटेच तर आहात. तुमचं मत?" त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "मिस्टर परब, अध्यक्षाला मत नसतं."

मी घरी आलो आणि सुनंदाला हसत हसत सगळं सांगायला लागलो, पण हसू काही शेवटपर्यंत टिकलं नाही. पुढच्याच महिन्यात सर खालच्या ग्रोसरीतून एक नवी खुर्ची घेऊन वर येताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "आज एक सभासद नवीन येतोय," आणि लिफ्टच्या आरशात बघत राहिले. दोन-तीन दिवसांनी त्यांना देशातून फोन आला: पक्षाचा सरचिटणीस तुरुंगात वारला होता. त्यानंतर सुनंदा शुक्रवारी दुपारी आमच्या दाराशी दिवा लावू लागली. मी विचारलं, भीती वाटते का? "भीती नाही हो," ती म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्यांना उजेड असावा."

आणि मग त्यांच्या देशातला लष्करशहा अचानक मेला. नव्या माणसाने निवडणुका जाहीर केल्या, परागंदा पुढाऱ्यांना परत बोलावलं. सरांच्या घरी फोन खणखणू लागले. पक्षातली पोरं म्हणत, या. बायको म्हणत होती, ये. सर आठवडाभर गाणी म्हणत जिना चढले-उतरले. शुक्रवारी बैठक झाली, आणि संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसले. "हरलो," म्हणाले. "सगळे विरोधात गेले. म्हणतात, हा सापळा आहे, जाऊ नकोस." मी म्हटलं, सर, तिकीट काढा आणि जा. त्यांना ते समजेचना. ज्या माणसाने पक्षाचा निर्णय मोडायचा तो हुकूमशहापेक्षा वेगळा कसा, असं त्यांनी मला विचारलं. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. ते वाळत चालले. झगा खांद्यावरून घसरू लागला. बोलताबोलता ते मध्येच थांबत आणि बाजूला मान वळवून ऐकत. एकदा आमच्याकडे चहा घेताना त्यांनी शेजारची रिकामी जागा हाताने झटकली आणि जरा सरकून बसले. सुनंदा कपबशा उचलताना मला आत म्हणाली, "अहो, हे त्यांच्यात जाऊन बसायला लागलेत."

पुढच्या शुक्रवारी ती माझ्याआधी उठली, पदर खोचला आणि समोरची बेल वाजवली. मी मागोमाग. खुर्च्या मांडलेल्या होत्या, एसी घरघरत होता, आणि तरी हॉलमध्ये खूप माणसं बसल्यावर होतो तसा उबारा होता. "मला बैठकीत बोलायचंय," ती म्हणाली. सरांनी विचार करून परवानगी दिली. सुनंदा खुर्च्यांसमोर उभी राहिली आणि चक्क मराठीत बोलू लागली. "तुमची यांच्यावर माया आहे, दिसतंय. तुमच्यावर जे आलं ते यांच्यावर येऊ नये म्हणून अडवताय. पण यांची बायको तिकडे इतकी वर्षं वाट बघतेय हो. तिचा माणूस जिवंत आहे. जिवंत माणसाला तुमच्यात बसवून घेऊ नका. काय व्हायचं ते त्याच्या घरी होऊ दे." मी इंग्रजीत सांगायला लागलो, तर सरांनी हाताने थांबवलं. "त्यांना कळलंय," म्हणाले. मग त्यांनी मतदान पुकारलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सरांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. "समसमान," ते पुटपुटले, आणि टेबलाला धरून बसले. "आता अध्यक्षाला मत आहे." या माणसाने जन्मात कुठल्या ठरावाला होकार दिला नव्हता, स्वतःच्याच ठरावाला तो विरोध करायला कमी करणार नाही. सुनंदाने माझा हात घट्ट धरला. सरांनी घसा खाकरला. "बाजूने," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडात इतका नवा होता, की त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

ते गेले. सापळा नव्हता, निदान त्यांच्यासाठी नव्हता. निवडणूक ते रीतसर हरले आणि पुन्हा विरोधी पक्षनेते झाले. फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा होता. पुढली काही वर्षं त्यांनी रस्त्यांना, धरणांना आणि नव्या राष्ट्रगीताला मनसोक्त विरोध केला. मग एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. आदल्या आठवड्यात ते घरी, आपल्या बिछान्यात, झोपेतच गेले होते. तिने आमचे आभार मानले, सुनंदाची चौकशी केली. मग जरा थांबून विचारलं, "तिथे ते फार एकटे होते का?"

"नाही," मी म्हटलं. "माणसं असायची. शुक्रवारी तर घर भरलेलं असायचं."

ती अगदी हळू म्हणाली, "माझी धाकटी बहीण यायची का? तिलाही त्यांनी बराकीत नेलं होतं."

त्या खुर्च्यांपैकी एखादी तिच्या बहिणीची होती का, हे मला ठाऊक नव्हतं. मी सुनंदाकडे पाहिलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत, गावाकडून आलेल्या माणसाने माहेरची खुशाली सांगावी तशी, सावकाश तिच्या बहिणीबद्दल सांगायला लागली.