सरांनी झुंज दिली नव्हती

आमच्या ज्युडोच्या सरांना वाघाने मारलं, त्या सकाळी बॅचच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो जोकचा.

'सरनं वाघाले धोबीपछाड नाई लावली का?'

खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

आज वर्ष झालं.

दौलत सर बल्लारपूरला शिकवायचे. सकाळी लहान मुलं, संध्याकाळी आम्ही मोठे. मोठे म्हणजे पेपर मिलमधले शिफ्टवाले, कॉलेजच्या दोन मुली, मोबाईलच्या दुकानाचे बंडूभाऊ आणि मी, सरकारी दवाखान्यातली नर्स.

सरांचं गाव जंगलाला लागून. रोज बाईकवर येणं-जाणं.

सर गोड बोलणारे नव्हते. पोरगं पडून रडलं तरी उचलायचे नाहीत. आईबापालाही उचलू द्यायचे नाहीत.

माझी सान्वी पहिल्याच दिवशी आपटली आणि भोकाड पसरून बसली. मी मॅटवर धावले.

"सिस्टर, भाईर जा."

मग स्वतः तिच्या शेजारी पडले. उठले, पुन्हा पडले. ती रडायचं विसरून बघत राहिली.

"पडलं का रडाचं नाई. हातानं मॅटले थाप माराची. लागते ते मॅटले, तुले नाई."

मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. पुढे तीच पोरगी घरी गादीवर मला पाडायला लागली, आणि मीही संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं.

बंडूभाऊंना पडायला शिकवताना सरांचा सगळ्यात जास्त घाम निघाला. वजन भारी, त्यात भीती. पण सरांनी सोडलं नाही.

एकदा विसापूर रोडवर बंडूभाऊंच्या बाईकला रानडुक्कर आडवं गेलं. ते उडाले, लोळले, कपडे झटकून उभे राहिले. संध्याकाळी पेढे घेऊन आले.

"सर, मान तुटली असती माई. तुमीच वाचवलं."

ग्रुपवरचा तो जोक बंडूभाऊंचा होता.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत सर सकाळची बॅच थोडी उशिरा ठेवायचे. आधी जनाबाईंसोबत, म्हणजे त्यांच्या बायकोसोबत, मोहा वेचायचा, मग बल्लारपूर. अंगाला संध्याकाळपर्यंत दारूसारखा वास यायचा. कोणीतरी म्हणायचंच, "सर, आज सकाळीच लावली का?"

सर हसायचे नाहीत. "वॉर्मअप करा."

त्या दिवशी रविवार होता. बॅच नव्हती.

जनाबाई पलीकडच्या झाडाखाली होत्या. टोपली पडल्याचा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. वाघाने सरांना मागून धरलं होतं. बघता बघता झुडपात ओढत नेलं.

त्या ओरडत त्या झुडपाकडेच पळाल्या. आजूबाजूचे वेचणारे डबे वाजवत आले, तेव्हा तो सोडून गेला.

सरांना गाडीतून उतरवलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. काय पाहिलं ते इथे लिहिणार नाही.

जनाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. हात मोह्याने चिकट झालेले, तसेच.

"बाई, तुमी तं आतमंदी पाह्यलं. त्यायले लय वेळ लागला का?"

मी नर्स आहे. कोणत्या जखमेला किती वेळ लागतो, मला कळतं.

"नाही," मी म्हणाले. "लगेच गेले. त्यांना कळलं पण नसेल."

त्यांनी मान हलवली.

"मले झुडपातून त्यायचा आवाज आल्यासारका वाटला. मायं नाव घेतलं असं. मायाच कानाचं असन."



तेवढ्यात दोघंतिघं बातमीवाले मोबाईल पुढे करून आले. त्यांनी वाघाशी झुंज दिली का? किती वेळ दिली?

"नाई," जनाबाई म्हणाल्या. "ते वाकून मोहा येचत होते."

दुसऱ्या दिवशी बातमी आली: ज्युडो प्रशिक्षकाची वाघाशी झुंज.

मग आमच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मॅटवर खुर्च्या मांडल्या. सर असते तर मॅटवर चप्पल घालून कोणाला येऊ दिलं नसतं. जनाबाईंना समोर बसवलं.

माईक बंडूभाऊंच्या हातात.

"आपले सर म्हनजे वाघ होते, वाघ. वाघाशी वाघासारके लढले."

टाळ्या.

जनाबाई उठल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"भाऊ, ते लढले नाई. त्यायले लढाले भेटलंच नाई. आन् त्यायले वाघ नोका म्हनू."



बंडूभाऊंनी माईक जवळ घेतला. "वहिनी दुःखात हायेत. आपन समजू शकतो." आणि भाषण पुढे सुरू केलं. शेवटी पुन्हा टाळ्या वाजल्या.

आठवड्याने हॉलबाहेर फ्लेक्स लागला. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला जबडा उघडलेला वाघ. दोन्ही चेहरे एकाच मापाचे. रोज मुलं त्याच्याखालून नव्या सरांच्या बॅचला जायची.

सान्वीने बॅच सोडली. मी कारण विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात जनाबाईंकडे जाऊन आले. अंगणात मोहा वाळत होता.

मी म्हणाले, "बाई, पुन्हा जाता तिकडे?"

"मंग? झाडं आमच्या वाट्याची हायेत. दुसरीकडं कुठी जाऊ?"

"एकट्या?"

"पोरगी येते संगं. ते येचते. मी नाई येचत आता, मी उभी राह्यते तिच्या मागं."

"आणि आला तर?"

त्यांनी फुलं हाताने पसरली.

"तं मी मागं असन ना."

दौलत सर, माझ्याकडून आणि सान्वीकडून मनापासून श्रद्धांजली.